नुकसानीचं कारण

मागच्या खोलीचं छत पडलं तेव्हा रजनीबाई पुढच्या व्हरांड्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. दुपारचे साडेतीन झाले होते. आधी नेहमीसारखी शिटी वाजली, मग शेजारच्या खड्ड्यातून सुरुंगाचा दबका आवाज आला आणि पायाखालची फरशी थरथरली. एवढं आता सवयीचं झालं होतं. पण त्या दिवशी थरथर थांबल्यावर घराच्या आतून दुसराच आवाज आला, कुणी पोत्यानं दगड ओतावेत तसा.

त्या उठून आत गेल्या. मागच्या खोलीचं दार अर्धंच उघडलं. धूळ खाली बसायला वेळ लागला, आणि मग दिसलं. स्लॅबचा एक मोठा तुकडा सुटून खाटेवर पडला होता. वर गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. मागची भिंत छतापासून आणि कोपऱ्यात खालपर्यंत सुटली होती आणि त्या फटीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. रजनीबाई रोज जेवण झालं की दोन ते चार याच खाटेवर पडत. त्या दिवशी डब्यातल्या तांदळात किडे दिसले, म्हणून त्या बाहेर बसल्या होत्या, इतकंच.

बरकतपुऱ्यातलं हे घर त्यांच्या नवऱ्यानं, माधवरावांनी, बांधलेलं. माधवराव कोर्टात नोकरीला होते, रजनीबाई मराठी शाळेत शिक्षिका. शेजारचा प्लॉट त्याच वर्षी एकनाथरावांनी घेतला. एकनाथराव भालकीकडचे, शेतकऱ्याच्या घरातून शिकायला हैदराबादला आलेले आणि मग वीज खात्यात लागलेले. दोघांची दोस्ती एवढी की दोन घरांमध्ये एकच कंपाउंडची भिंत घातली आणि तिचा खर्च निम्मा निम्मा केला. माधवराव जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून गॅसचा नंबर लावण्यापासून दवाखान्यापर्यंत रजनीबाईंच्या अडीअडचणीला एकनाथराव आणि त्यांची बायको पद्मावती हीच माणसं होती. मुलगी हर्षदा सिकंदराबादला राहायची, पण तिला यायला तास लागायचा. एकनाथराव हाक मारली की यायचे.

त्या वर्षी मार्चमध्ये एकनाथरावांनी आपलं घर डेव्हलपमेंटला दिलं. पद्मावतीचे गुडघे गेले होते, घर मोठं होतं, आणि त्यांचा मुलगा शिवराज दोन वर्षं मागे लागला होता. घर पाडलं. दोघं चिक्कडपल्लीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. बिल्डरनं गाड्या ठेवायच्या सेलरसाठी खोदायला सुरुवात केली आणि आठ फुटांवर काळा दगड लागला. महिनाभर मशीननं फोडून पाहिला. मग सुरुंग सुरू झाले.

भिंतीवर केसासारख्या चिरा जुलैपासूनच दिसत होत्या. रजनीबाईंनी सुपरवायझरला बोलावून दाखवल्या. त्यानं चिरेच्या टोकाला पेन्सिलीनं खूण केली, तारीख घातली आणि म्हणाला, “कुछ नई होता अम्मा, पुराना गिलावा है.” एकनाथरावांना त्यांनी काही कळवलं नाही. त्यांना उगाच ओशाळं वाटेल म्हणून.

स्लॅब पडला त्या संध्याकाळी हर्षदा आली. तिनं खोली बघितली. मग पाणी पिऊन म्हणाली, “आई, टेन्शन घेऊ नकोस. घराचा इन्शुरन्स आहे आपला. मागे गल्लीत पाणी शिरलं होतं ना, तेव्हा मी काढला होता. सगळं कव्हर आहे त्यात.”

“सगळं म्हणजे काय काय?”

“सगळं म्हणजे… सगळंच. होम इन्शुरन्स आहे तो.”

तिनं तो फोनवरच काढला होता. दहा मिनिटांत. पॉलिसीची बत्तीस पानं ई-मेलमध्ये न उघडता पडून होती.

चौथ्या दिवशी कंपनीनं पाठवलेला सर्व्हेअर आला. इफ्तेखार साहेब. साठीचे, पांढरी आखूड दाढी. आत सगळीकडे चुरा पडलेला असूनही त्यांनी बूट दाराबाहेर काढले. खोलीचे फोटो घेतले, फटीत पट्टी घालून माप घेतलं, भिंतीवर तळहात ठेवून ओल पाहिली, गंजलेल्या सळईला नखानं खरवडलं. मग पुढच्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, “अब बोलो अम्मा, क्या हुआ था?”

रजनीबाईंच्या आधी हर्षदाच बोलली. “शेजारी ब्लास्टिंग चालू आहे. त्यानंच पडलं. रोज करतात.”

इफ्तेखार साहेबांचं पेन थांबलं. “बेटी, जरा ठैरो.” त्यांनी पिशवीतून पॉलिसीची छापलेली प्रत काढली आणि एक पान उघडून दोघींच्या मधे ठेवलं. मग ओळीवर बोट ठेवून हळूहळू समजावू लागले. त्यांना मराठी कळत होतं, बोलायला मात्र दखनीच सोपी पडत होती. आगीत जळालं तर कंपनी देते. वीज पडली, वादळ झालं, पूर आला, भूकंप झाला, तर देते. जमीन खचली तरी देते. पण जमीन खचण्याच्या कलमाखाली बारीक अक्षरांत आणखी काही ओळी होत्या. जवळपासच्या खोदकामामुळे, पाडकामामुळे, बांधकामामुळे घर हललं, तर नाही. पाया आधीपासून कच्चा असेल तर नाही. सळया गंजत गेल्या, चिरा हळूहळू वाढत गेल्या, जुनं होऊन झिजलं, तर नाही.

रजनीबाईंनी चष्मा लावून त्या ओळी स्वतः वाचल्या. इंग्रजी त्यांना बेतानंच यायचं, पण ‘एक्सकॅव्हेशन’, म्हणजे खोदकाम, हा शब्द त्यांना लागला.

“म्हणजे पावसानं पाडलं तर देणार, माणसानं पाडलं तर नाही?”

इफ्तेखार साहेबांनी थोडा विचार केला. “वैसा नई अम्मा. आग भी इन्सान के हात से लगती, उसका देते. मगर बाजू का खोदकाम अलग बात है. कंपनी बोलती, जिनो खोदा उनोच भरना. उनसे मांगो.”

“उनो म्हणजे?”

“जिनका प्लॉट है. उनका ठेकेदार.”

शेजारून मशीनची घरघर येत होती. मग इफ्तेखार साहेबांनी एक फॉर्म पुढे सरकवला.

“इसमें एक रकाना है, नुकसान का कारण. वो मैं नई भरता, आप भरते. मैं मेरी रिपोर्ट में जो देखा वो लिखूंगा. उससे पहले चार दिन जोर की बारिश थी, ये सच है. दीवार गीली है, ये भी मैं देखा.” ते जरा थांबले. “मगर एक बात याद रखो. यहां बारिश लिखे, तो कल पडोसी को कुछ बोल नई सकते. कागज पे घर एकच वजह से गिरता.”

फॉर्म दोन दिवसांत द्यायचा होता. ते बूट घालून निघून गेले.

हर्षदानं लगेच लॅपटॉप उघडला. “आई, पाऊस लिहू या ना. खोटं थोडंच आहे? पाऊस पडलाच होता. आणि बघ, एकनाथकाकांशी वाद पण नको. सगळ्यांचंच बरं.”

हेच रजनीबाईंच्याही मनात आलं होतं. लेकीच्या तोंडून ऐकल्यावर ते त्यांना आवडलं नाही. “मला आधी त्यांना भेटू दे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षानं चिक्कडपल्लीला गेल्या. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, बाजाराच्या अगदी तोंडावर, खिडकी उघडली की भाजीवाल्यांचा गलका आत यायचा. एकनाथराव त्यांना बघून खूश झाले. “या वहिनी, या. किती दिवसांनी! पद्मा, कोण आलंय बघ.”

रजनीबाईंनी चहा होईपर्यंत काही काढलं नाही. मग सगळं सांगितलं. छत, भिंत, सर्व्हेअर, रकाना.

एकनाथराव गंभीर झाले. “मला तर सुपरवायझर म्हणाला, थोडा गिलावा सुटला म्हणून. पण त्यात तुम्हाला काय काळजी? बिल्डर बघंल की. करारात असंल ते.”

त्यांनी कपाटातून फाइल आणली. करार इंग्रजीत होता, साठ-सत्तर पानांचा, प्रत्येक पानावर त्यांची सही. ते पानं उलटत गेले. एका ठिकाणी थांबले आणि मोठ्यानं वाचायला लागले, पण वाचता वाचता त्यांचा आवाज उतरत गेला. आजूबाजूच्या मालमत्तेबद्दल कुणाची तक्रार आली, तर ती प्लॉटच्या मालकानं मिटवायची होती. बिल्डरचा तिच्याशी संबंध नव्हता.

“शिवराजनं वाचला होता म्हणाला,” ते पुटपुटले.

त्यांनी फाइल मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “वहिनी, पाऊस लिहा.”

रजनीबाईंनी कप खाली ठेवला.

“तुमचं नुकसान भरून येतंय. माझं काम थांबत नाही. कुणाच्या खिशातून चाललंय? कंपनीच्याच ना? त्यांना काय कमी आहे?”

“आणि उद्याचा सुरुंग, भाऊ?”

“मी सांगतो त्यांना. हळू लावा म्हणतो.”

“त्यांनी नाही ऐकलं तर? मी पाऊस लिहून दिलेला असेल. मग मी कुणाला सांगू?”

एकनाथराव एकदम चिडले. “काय म्हणूलालाव तुम्ही वहिनी? चाळीस वर्षांनी तुम्ही माझ्यावर कागद करणार? माधव असता तर त्यानं हे असं…”

“ते असते तर त्या दुपारी त्या खाटेवर झोपलेले असते,” रजनीबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दारात पद्मावती उभी होती. तिला खाटेचं माहीत नव्हतं. तिनं पदर तोंडावर धरला.

एकनाथरावांनी फाइलची नाडी बांधली. ती बांधायला त्यांना वेळ लागला. “लिहा, तुम्हाला काय लिहायचं ते,” ते म्हणाले आणि उठून आतल्या खोलीत गेले.

रजनीबाई नको नको म्हणत असताना पद्मावती जिना उतरून रिक्षापर्यंत आली. एकेका पायरीला थांबत होती. रिक्षात बसलेल्या रजनीबाईंचा हात तिनं धरला. “पाऊस लिहा म्हणावंसं मलाही वाटतंय हो. पण तोंडातून निघंना.”

रजनीबाईंनी त्या संध्याकाळी आधी मराठीत कच्चं लिहिलं. शाळेतली सवय. ‘शेजारच्या भूखंडावर सुरुंग लावल्यानंतर लगेच मागच्या खोलीचा स्लॅब पडला. त्याआधी दोन महिने भिंतीवर चिरा पडत होत्या. पडण्याआधी चार दिवस पाऊस होता, हेही खरं आहे.’ त्यांनी कागद हर्षदाकडे दिला. हर्षदाला मराठी वाचायला वेळ लागे. एकेक शब्द जुळवत तिनं तो वाचला.

“आई, हे असं लिहिलंस तर रिजेक्ट करतील.”

“करू देत.”

“करू देत काय? तू राहणार कुठं? तू पण ना… तुझ्या खरेपणात मी पण अडकते गं.” तिच्या डोळ्यात पाणी आलं. मग तिनं तेच इंग्रजीत लिहून पाठवलं.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. दावा मंजूर करता येत नाही. नुकसानीचं सर्वांत निकटचं कारण शेजारचं खोदकाम, आणि ते पॉलिसीत येत नाही. सोबत इफ्तेखार साहेबांच्या रिपोर्टची प्रत होती. त्यात पावसाची ओल होती, गंजलेल्या सळया होत्या आणि सुपरवायझरनं केलेल्या पेन्सिलीच्या खुणांचा फोटोही होता, तारखेसकट. हर्षदानं पत्र दोनदा वाचलं. कंपनीविरुद्ध तक्रार करता येईल का, हे तिनं ऑफिसातल्या एका वकिलाला विचारलं. पॉलिसी वाचून तो म्हणाला, कंपनी लिहिलं तसंच वागलीय. तुम्ही विकत घेतलं होतं तेवढंच.

मग रजनीबाईंनी कॉर्पोरेशनमध्ये अर्ज दिला. तिथले इंजिनिअर येऊन बघून गेले. आठवड्याच्या आत शेजारचं सगळंच काम थांबलं. खड्डा तसाच उघडा राहिला आणि त्यात पावसाचं हिरवं पाणी साचलं.

दसऱ्याला एकनाथराव सोनं द्यायला आले नाहीत. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दिवाळीचा कार्यक्रम होता, तिथं समोरासमोर आले तर त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या घराचं काम थांबलेलं, भाडं चालू, शिवराज रोज बोलत असणार, हे रजनीबाईंना कळत होतं. त्यांना एकनाथरावांचा राग आला नाही. आपण चूक केली असंही वाटलं नाही. फक्त घर फार शांत झालं. मागच्या खोलीला हर्षदानं प्लायवूड ठोकून घेतलं होतं. स्वयंपाकघर त्या खोलीला लागून, म्हणून तेही बंद. शेगडी व्हरांड्याच्या कोपऱ्यात आली. हर्षदा सिकंदराबादला चल म्हणाली. तीन आठवडे त्या तिकडे राहिल्या आणि परत आल्या. उघड्या खड्ड्याशेजारी घर रिकामं ठेवायला त्यांचं मन घेईना.

डिसेंबरच्या मध्यावर, सकाळी दहाच्या सुमारास फाटक वाजलं. एकनाथराव उभे होते. थंडी असून घामेजलेले.

“वहिनी, आत येऊ?”

आजवर त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

काम पुन्हा सुरू करायचं तर जमिनीची तपासणी करून घ्या, असं कॉर्पोरेशननं सांगितलं होतं. त्यासाठी बिल्डरनं एक दगडातला जाणकार इंजिनिअर आणला होता. एवढा उशीर का म्हणून त्याला झाडायला एकनाथराव साइटवर गेले होते. इंजिनिअरनं त्यांना खड्ड्याच्या काठावर नेऊन दाखवलं. दगड एकच होता. त्यांच्या प्लॉटमधून तिरका खाली जाऊन तो रजनीबाईंच्या घराखालून पलीकडे गेला होता. सुरुंगाचा प्रत्येक हादरा सरळ त्यांच्या घराच्या पायात जात होता. आणखी काही दिवस लागत राहिले असते, तर मागचं अर्धं घर राहिलं नसतं.

“मला खोली बघायची आहे,” एकनाथराव म्हणाले.

रजनीबाईंनी प्लायवूडची कडी काढली. ते आत गेले. वर बघितलं. फटीत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

“मी तुम्हाला पाऊस लिहा म्हणालो.”

“पाऊसही होताच, भाऊ.”

“नका हो असं बोलू. शिवी द्या एखादी.”

रजनीबाईंनी त्यांना पाणी दिलं. मग एकनाथरावांनीच विचारलं, “आता काय करायचं?”

“मी बिल्डरला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. मी त्यांची कुणीच लागत नाही ना.”

“मी लागतो,” एकनाथराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं बिल्डरच्या ऑफिसात गेले. मॅनेजर तरुण होता, नम्र होता. त्यानं करार काढला आणि तेच कलम दाखवलं. एकनाथरावांनी मान हलवली. “ते मी आता वाचलंय. पण सुरुंग लावायची परवानगी मी दिली नव्हती. सरकारची तरी तुम्ही घेतली होती का, ते कॉर्पोरेशनला विचारायचा अर्ज मी लिहून आणलाय. खाली माझी सही आहे. मालक म्हणून.”

“सर, तुमचंच काम आणखी थांबेल यानं. फ्लॅट तुमचेच आहेत.”

“थांबू दे. ह्यांची भिंत उभी राहील, मग माझी उभी करा. तसं लिहून घ्या.”

मॅनेजर आत गेला तो अर्ध्या तासानं बाहेर आला आणि म्हणाला, साहेब बोलायला तयार आहेत.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. बैठका झाल्या, शिवराज एकदा वडिलांवर सगळ्यांसमोर ओरडला. शेवटी ठरलं ते असं, की उरलेला दगड मशीननं कापायचा, रजनीबाईंच्या मागच्या बाजूला दोन खांब आणि नवी तुळई घालून बिल्डरनं भिंत आणि स्लॅब बांधून द्यायचा, आणि त्याबदल्यात एकनाथरावांनी आपल्या वाट्यातलं सेलरमधली गाडी ठेवायची एक जागा सोडायची. स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचं कुणीच कबूल केलं नाही. ते रजनीबाईंनी आपल्या पेन्शनमधून करून घेतलं.

काम चालू होतं तेव्हा एकनाथराव रोज सकाळी रिक्षानं येऊन उन्हात उभे राहत. गवंड्यांशी तेलुगूत वाद घालत. सिमेंट किती, सळई किती, मोजून घेत. चहा आला तर उभ्याउभ्या पीत. रजनीबाईंशी पूर्वीसारखं फारसं बोलत नसत आणि रजनीबाईही आग्रह करत नसत. पद्मावती मात्र आता दर गुरुवारी दुपारी फोन करायची, आणि दोघींचं बोलणं तासभर चालायचं.

शेजारची इमारत पुरी व्हायला आणखी दीड वर्ष गेलं. एकनाथरावांच्या फ्लॅटची वास्तुशांत वैशाखात झाली. रजनीबाई फाटकातून आत आल्या तेव्हा त्यांना न्यायला शिवराज खाली उभा होता. इतके दिवस तो त्यांना बघून न बघितल्यासारखं करायचा.

“काकू, लिफ्ट अजून सुरू झाली नाही,” तो म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं हात पुढं केला. “हळूहळू चढू या.”

तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या दोनदा टेकल्या. दोन्ही वेळा तो त्यांच्याजवळ थांबला.